इटलीतल्या लेखकांना जेवू घालण्याची पूर्वतयारी

मी इटलीला चाललोय ही बातमी सगळ्यात आधी कळली ती आमच्या ब्लॉकच्या लिफ्टला. मेल आली तेव्हा मी लिफ्टमध्ये एकटाच होतो, आणि ती वाचून मी जो ओरडलो तो आवाज यिशुन वसाहतीतल्या अकराव्या मजल्यापासून थेट तळमजल्यापर्यंत माझ्यासोबत खाली आला. दार उघडलं तेव्हा समोर एक चिनी आजी भाजीची ट्रॉली घेऊन उभी होती. ती आत आली नाही. तिने हातानेच खुणावलं, तू जा, मी पुढच्या लिफ्टने येते.

मेल लुचियाबाईंची होती. इटलीत, उंब्रिया नावाच्या भागात, डोंगरावरच्या एका खेड्यात त्यांचं दगडी शेतघर आहे. दर वर्षी त्या तिथे वेगवेगळ्या देशांतले बारा लेखक जमवतात. राहायचं, लिहायचं, ऑलिव्हची झाडं बघायची, पुन्हा लिहायचं. आणि त्या बारांत त्यांनी मला निवडलं होतं. मला! ज्याने दहावीनंतर मराठीचा एक तास केला नाही, ज्याचं नाव कुठल्या पुस्तकावर नाही, जो वन-नॉर्थ भागात एका कंपनीचे सर्व्हर राखतो आणि जाता-येता एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या मोबाइलवर अंगठ्याने कादंबरी लिहितो. इथे परदेशात राहणाऱ्या मराठी साहित्यप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एकदा एक प्रकरण टाकलं होतं. अभिप्राय आला: "अनुभव दाहक आहे, पण भाषा जरा रांगडी वाटते." खाली दोन फुलं आणि एक नमस्कार. त्या नमस्काराचा राग मला अजून आहे. राग धरायला मला आवडतं. त्यावरच माझं लिखाण चालतं.

निवडीसाठी मी दहा पानं पाठवली होती. माझी बायको हर्षा हिने ती इंग्रजीत केली. गोष्ट साधी आहे. मी पुण्यात शिकत असताना माझी माय नांदेडहून मला भेटायला येते, पिशवीतून सुकट आणते, खोलीवर स्टोव्ह पेटवून भाजते, आणि वास माडीवर पोचल्याबरोबर घरमालक आम्हा दोघांना सामानासकट रस्त्यावर काढतो. हे खरं घडलंय. त्यात मी काही सजवलं नाही. मायने रस्त्यावर बसून भाकरीबरोबर ती सुकट मला खाऊ घातली, तेही खरं आहे.

तर मेलसोबत एक फॉर्म होता. नाव, पत्ता, अॅलर्जी, आणि शेवटी एक प्रश्न: आमच्याकडे प्रत्येक लेखक एका संध्याकाळी सर्वांसाठी आपल्या घरचं जेवण रांधतो, तुम्ही काय रांधाल?

हा फॉर्म मी रविवारी सकाळी भरायला घेतला आणि तिथेच माझं चुकलं. रविवारी सकाळी आमच्याकडे अनघाताई येतात.

अनघाताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पुण्याच्या, बँकेत मॅनेजर. जिभेला धार आणि हात सढळ. आमच्या जान्हवीची शाळेत परीक्षा असली की त्या सकाळी दही-साखर घेऊन दारात उभ्या असतात. आणि ओळख झाली त्या पहिल्या दिवशी त्यांनीच मला विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणालो नांदेड. त्या म्हणाल्या, "नाही हो, म्हणजे मूळचे?" मी म्हणालो, "मूळचा बौद्ध." त्या दिवसापासून आमचं चांगलं जमतं, म्हणजे दोघंही सावध असतो. त्यांचे मिस्टर शैलेंद्र फारसं बोलत नाहीत. एकदा टूरबरोबर युरोप पाहून आल्यापासून ते फक्त त्याच विषयावर बोलतात.

"इटली!" अनघाताईंनी पोह्यांची बशी माझ्या लॅपटॉपशेजारीच ठेवली. "बघू, काय विचारलंय? घरचं जेवण? मग लिहा की, पुरणपोळी. त्यात विचार कसला करायचा?"

"थंडी असते," शैलेंद्र म्हणाले. "आणि पाकीटमार. गळ्यात अडकवायचं पाकीट घ्या."

"पुरणपोळी, वर साजूक तूप, आणि कटाची आमटी. त्या लोकांनी जन्मात असं काही खाल्लेलं नसणार. महाराष्ट्राची शान आहे ती."

माझी बोटं कीबोर्डवर होती. मनात सुकट होती. आता मी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगतो: मी निर्भीड लेखक आहे. घरमालकाला मी कादंबरीत असा सोलून काढलाय की वाचणाऱ्याला त्याची कीव यावी. पण समोर अनघाताई, त्यांच्या हातचे पोहे, त्यावर त्यांनीच खोवलेलं खोबरं, आणि त्या पोह्यांच्या साक्षीने 'सुकट' हा शब्द टाइप करायचा? मी 'पुरणपोळी' लिहिलं आणि पाठवून दिलं.

हर्षाने ओट्यापासून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको बोलत नाही तेव्हा ऐकू जास्त येतं.

खरी अडचण वेगळीच होती. मला चहा सोडून काहीच येत नाही.

"मी शिकवते ना!" अनघाताई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून आल्या आल्या सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र कडेवर घेऊन खाली आल्या. मूल घ्यावं तसं घेतलं होतं. पुढचे कित्येक दिवस आमचं घर म्हणजे वर्कशॉप झालं. चणाडाळ शिजायची, कुकर शिट्ट्या मारायचा, मी यंत्राचा दांडा फिरवायचो आणि अनघाताई पाठीमागे उभ्या राहून "गाठी! गाठी!" असं ओरडायच्या. पुरण जमलं तर कणीक सैल, कणीक जमली तर पुरण पातळ. दोन्ही जमलं त्या दिवशी तवा इतका तापला की छतावरचा धुराचा अलार्म वाजला आणि जान्हवी स्टुलावर चढून त्याला वहीने वारा घालत बसली.

तरी मी मजेत होतो हे कबूल केलं पाहिजे. अहो, मी इटलीला चाललो होतो! लाटता लाटता मला ऑलिव्हची झाडं दिसायची. एका संध्याकाळी माझी एक पोळी तव्यावर पडली ती हुबेहूब इटलीच्या आकाराची. लांबट बूट, टाच फाटलेली, खाली सिसिलीसारखा सांडलेला पुरणाचा गोळा. मी शकुन मानत नाही. पण बूट स्पष्ट दिसत होता.

"पप्पा, दिस वन रिअली इटली लाह!" जान्हवी फोटो काढत म्हणाली. "बट दॅट वन जस्ट बर्न्ट."

बिघडलेल्या सगळ्या पोळ्या शैलेंद्र खायचे. शांतपणे, सिसिलीसकट. मध्येच म्हणायचे, "तिकडे रेल्वेचे संप फार होतात. तिकीट बदलून मिळेल असं घ्या."

इकडे ऑफिसात रजेची भानगड. माझे मॅनेजर श्रीनिवास चेन्नईचे, भला माणूस. मी रायटिंग रिट्रीट म्हटल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "टी-शर्ट कुठल्या रंगाचा देतात?" कारण आमच्या कंपनीचं रिट्रीट म्हणजे सेंटोसा बेटाच्या वाळूत रस्सीखेच. मी समजावून सांगितलं की तिथे टी-शर्ट नाही, रस्सी नाही, फक्त टेबल आणि खुर्ची. "मग हे तर ऑफिसच झालं," ते म्हणाले आणि पत्रावर सही केली. एचआरने पत्रात लिहिलं, 'सदर कर्मचारी रिट्रीटसाठी जात आहे.' एवढंच.

हे पत्र, लुचियाबाईंचं आमंत्रण, विमा, बँकेचे कागद, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून मी व्हिसाच्या काउंटरवर गेलो. शर्ट इस्त्रीचा. मनात भाषण तयार, कारण साहित्यावर काही विचारलं तर आपण कमी पडायला नको. काउंटरपलीकडच्या बाईंनी फाइल चाळली आणि आमंत्रणावर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, तुम्ही बारा माणसांसाठी पुरणपोळीचं जेवण बनवणार."

"हो."

"म्हणजे तुम्ही कुक म्हणून जाताय? त्याला वेगळा व्हिसा लागतो."

"नाही हो, लेखक म्हणून."

"तुमच्या नोकरीच्या पासवर इंजिनिअर आहे. कंपनी म्हणते रिट्रीट. आमंत्रण म्हणतं जेवण." त्या अगदी शांत होत्या. "लेखक कुठे लिहिलंय?"

काय सांगणार? लेखक असण्याचा पास अजून कुठलं सरकार देत नाही.

"तुमचं पुस्तक आहे?"

"लिहितोय."

"दाखवू शकाल?"

मी मोबाइल काढला आणि कादंबरी उघडून काचेखालून आत सरकवला. त्यांनी बोटाने वर-खाली केलं. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "दिसायला छान आहे," त्या म्हणाल्या आणि मोबाइल परत सरकवला. माझ्या भाषेला रांगडी न म्हणणारी पहिली वाचक, आणि तिला वाचताच येत नव्हतं! मग त्यांनी सांगितलं की यजमानांकडून नवीन पत्र आणा: हा माणूस स्वयंपाकाचे पैसे घेणार नाही, ही नोकरी नाही. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी कुतूहलाने विचारलं, "हे पुरणपोळी गोड असतं का?"

"जमलं तर," मी म्हणालो.

मी लुचियाबाईंना मेल लिहिली. घाई होती, कारण जागा पक्की करायची मुदत जवळ आली होती, आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेला कुणीतरी लेखक कुठल्यातरी देशात नक्कीच चांगला स्वयंपाक करत असणार. उत्तर लगेच आलं. पत्र जोडलेलं होतं. खाली एक सूचना: युरोपात बाहेरून येताना दूध, तूप, लोणी, मिठाई, मांस आणू नका, कस्टमवाले काढून घेतात. सुकवलेली मासळी, कोळंबी वगैरे चालते. आणि त्याखाली एक परिच्छेद होता. तो मी तिथेच एमआरटीत उभ्याने वाचला आणि माझं स्टेशन गेलं.

'एक विचारू? तुमची पानं आम्ही स्वयंपाकघरात मोठ्याने वाचली. आमच्या शेतावरचा पाओलो सुकटीच्या जागी डोळे मिटून बसला. ज्या वासासाठी माणसाला घराबाहेर काढतात तो वास कसा असतो, हे आम्हाला सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. मग तुमच्या फॉर्मवर गोड पोळी आली. आम्ही ती आनंदाने खाऊ. पण का?'

पण का. दोनच शब्द. कुठल्याही समीक्षकाने मला असं मारलं नव्हतं.

घरी येऊन मी हर्षाला मेल दाखवली. तिने वाचली आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

"दे ना उत्तर! बेधडक लेखक ना तू? दहा पानं मी इंग्रजीत केली. सुकटीला शब्द सापडेना म्हणून डोकं फोडून घेतलं, शेवटी 'सुकट'च ठेवलं. म्हटलं, शिकू देत त्यांना. आणि तू? एका पोह्याच्या बशीला घाबरलास?"

"घाबरलो नाही. प्रसंग तसा होता."

"घरमालकाने काढलं तेव्हा तरी माय सुकट सोबत घेऊन बाहेर पडली. तू स्वतःच ठेवून निघाला होतास."

मी लगेच बसून फॉर्म दुरुस्त केला: सुकट, भाकर, ठेचा. आणि लुचियाबाईंना लिहिलं, 'का ते तिथे आल्यावर जेवताना सांगतो.' नवीन पत्र काउंटरवर देऊन आलो. आता फक्त अनघाताईंना सांगायचं उरलं होतं. व्हिसा सोपा होता.

त्या आल्याच, पाठोपाठ शैलेंद्र. अनघाताईंच्या हातात घरी कढवलेल्या तुपाची बरणी, तिला तीन पदरी प्लास्टिक, वर चिकटपट्टी, त्यावर लेबल: 'नागसेन – इटली'.

"तूप नेता येत नाही, अनघाताई," मी म्हणालो. "दुधाचे पदार्थ कस्टमवाले काढून घेतात."

"तूप दुधाचं कुठे असतं?" त्या भडकल्या. "दुधाचं दही होतं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. दूध बिचारं कधीच मागे राहिलं! मग काय चालतं त्यांना?"

"सुकवलेली मासळी."

"काय?"

"सुकट चालते. छापील नियम आहे."

अनघाताई खुर्चीवर बसल्या. साजूक तुपाला बंदी आणि सुकटीला मोकळी वाट, असं जगात कुठे असू शकतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मला त्या नियमावली लिहिणाऱ्या अज्ञात कारकुनाचे पाय धरावेसे वाटले. शैलेंद्र नुसतं म्हणाले, "युरोपियन युनियन म्हणजे कमालच आहे."

"आणि मी तेच नेणार आहे," मी म्हणालो. "पुरणपोळी आम्हीही करतो, आम्हीही खातो. तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्यांनी घरचं विचारलंय. माझ्या घरचं हे आहे."

"अहो, पण वास येईल तिकडे! लोक काय म्हणतील?"

"हेच माझ्या कादंबरीचं पहिलं पान आहे, ताई. अगदी हेच वाक्य."

"मला काय माहीत? तुम्ही कधी वाचायला दिलीत?"

"तुम्ही कधी मागितलीत?"

"तुम्ही कधी दिलीत!"

हर्षाने छापलेली दहा पानं कपाटातून काढली आणि त्यांच्या बरणीवर ठेवली. मराठी प्रत. अनघाताई उठल्या, बरणी आणि पानं दोन्ही घेऊन वर गेल्या. जाताना दार लावलं ते जरा जोरातच.

मग सगळं शांत झालं. रविवार आला, पोहे आले नाहीत. पुरणयंत्र ओट्यावर तसंच पडून होतं, न्यायलाही कुणी आलं नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता, कारण शेवटी झालं ना माझं म्हणणं खरं! मी एक भाषण तयार केलं. त्या काही बोलल्या तर ऐकवायचं. त्यात घरमालक होता, 'मूळचे कुठले' होतं, व्हॉट्सअॅपवरची फुलंसुद्धा होती. आंघोळ करताना मी ते म्हणायचो. एकदा बाहेरून जान्हवीने विचारलं, "पप्पा, हू आर यू स्कोल्डिंग?"

शनिवारी बेल वाजली. दारात अनघाताई. हातात पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी. तरी वास येत होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "लिटिल इंडियातून आणली. तो दुकानदार विचारतो, ड्राय फिश कुठलं? मला काय माहीत कुठलं! म्हटलं, वास येतो ते द्या. एमआरटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी होती."

माझं भाषण आंघोळीपुरतंच राहिलं. इतकी मेहनत, सगळी वाया. मला त्यांचा फार राग आला. पिशव्या उघडल्या. आत चकचकीत, चपटी, डोळे वटारलेली मासळी.

आता काय करावं? एका पोह्याच्या बशीपुढे मी एकदा गप्प बसलो होतो.

"अनघाताई," मी म्हणालो, "ही सुकट नाही. ही नेत्तिली."

"म्हणजे?"

"म्हणजे हा दुसराच मासा. सुकट म्हणजे बारीक कोळंबी असते, वाळवलेली."

त्यांनी एकदा माशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग उभे काय राहिलात? चप्पल घाला."

एमआरटीत शेजारी बसून त्या समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची पानं वाचली. घरमालक चांगला उतरलाय. पण त्याची बायको खिडकीत उभी आहे, आणि तिला तुम्ही एक वाक्यसुद्धा दिलेलं नाही. ती काय करत होती?"

मी चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत वाचणारं कुणीतरी माझ्या भाषेबद्दल न बोलता माझ्या गोष्टीबद्दल बोललं होतं, आणि ते बरोबर होतं, आणि त्या अनघाताई असाव्यात!

"नाकाला पदर लावून उभी होती," मी म्हणालो.

"मग लिहा की तसं." त्या अजून समोरच बघत होत्या. "मी असते तर तशीच उभी राहिले असते."

यावरून अनघाताई बदलल्या असं कुणी समजू नये. त्यांच्या ओट्यावर सुकट आजही चढणार नाही, आणि मीही त्यांना तसं कधी म्हणणार नाही. पण हे वाक्य मी मोबाइलवर तिथेच उतरवून घेतलं, त्यांच्यादेखत.

दुकान तेच होतं. उदबत्त्या, पापड, स्टीलची भांडी, आणि मागच्या भिंतीला सुक्या मासळीची पोती. तिथे पोचतोय तोच हर्षाचा फोन आला.

"पासपोर्ट आला," ती म्हणाली. "व्हिसा लागलाय. इटली!"

मी ओरडलो. लिफ्टमध्ये ओरडलो होतो तसाच, फक्त आता दुकान भरलेलं होतं. पापडांच्या रांगेतल्या दोन बाया दचकल्या, दुकानदाराच्या हातातलं माप खाली पडलं. मी अनघाताईंना सांगायला वळलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या ओंजळीत सुकट होती. हिंग घेताना, केशर घेताना घेतात तशी ती त्यांनी नाकाशी धरली होती, डोळे मिटून, पूर्ण लक्ष देऊन.

"ओरडू नका हो, मला बघू दे," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडले, सुकट पोत्यात परत टाकली, हात झटकले आणि दुकानदाराला चक्क मराठीत सुनावलं:

"हिला वासच नाही. दुसरी दाखवा."